छत्तीस पानं आणि एकशे सात पिना

"मोठ्या बाई, ऑफिसातलं झेरॉक्स मशीन आमच्या वर्गाला एका तासासाठी द्याल का?"

हा प्रश्न टकळीचा नव्हता. प्रश्न शेवटच्या बाकावरच्या मुलींचा होता, तोंड तेवढं टकळीचं. पण बाईंच्या खोलीत प्रश्नाबरोबर जावं लागतं ते तोंडालाच, त्यामुळे घाम टकळीला फुटला होता आणि शेवटचा बाक दाराबाहेर भिंतीला पाठ लावून गार उभा होता.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. तशा त्या काही मोठ्या नव्हत्या, उंचीनं टकळीच्या खांद्याला लागायच्या. पण त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की भल्याभल्यांना आपली नखं वाढलेली आहेत हे आठवायचं. आजवर त्या खोलीत विद्यार्थिनींनी एकच प्रश्न विचारला होता, "आत येऊ का?" आणि त्याचंही उत्तर नेहमी "का?" असं आलं होतं.

टकळीबद्दल थोडं सांगायला हवं. दीड वर्षापूर्वीपर्यंत ती इतकी गप्प असायची की तिच्या आईनं शाळेत येऊन, "मुलगी बोलत नाही, पुढे बसवा," अशी विनंती केली होती. मुलगी पहिल्या बाकावर बसली. आणि मग एके दिवशी, काय झालं कुणास ठाऊक, ती बोलायला लागली. ती अजून थांबलेली नाही. आईनं दोनदा विचारून पाहिलं की आता मागे बसवायची सोय आहे का.

तर प्रकरण होतं हस्तलिखिताचं. शेवटच्या वर्गानं वर्षभर खपून एक हस्तलिखित काढायचं आणि जाताना ते ऑफिसाबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवायचं, अशी शाळेची रीत. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे आहे याबद्दल शाळेत तीन मतं होती. टकळी यंदाची संपादक. तिनं पहिल्याच दिवशी संपादकीय लिहून टाकलं होतं; आत काय येणार हे माहीत नसतानाच त्याची तोंडभरून स्तुती केली होती. मग जसजसे लेख आले तसतसे ते तारखेनं लागत गेले. पहिल्या बाकाचे पहिल्या आठवड्यात आले. शेवटच्या बाकाचे अर्थातच शेवटी, तेही सतरा वेळा मागितल्यावर.

सगळ्यात शेवटी आला शिडीचा कागद. शिडी ही शेवटच्या बाकावरची सगळ्यात उंच मुलगी. अर्धं पान लिहिलेलं होतं, आणि ते देताना ती म्हणाली, "कपाटालाच वाचायचंय ना? मग आमचे कागद कशाला अडकवता, कपाटालाच लिहायला सांगा की."

"म्हणजे काय करू?" टकळी म्हणाली.

"चाळीस मुली आहोत, चाळीस प्रती काढ. जा, विचार मोठ्या बाईंना. मिळालं मशीन तर हे अर्धं पान तुझं. नाही मिळालं तर आमच्या बाकाचे सगळे कागद परत. नाहीतरी पहिल्या बाकावरच्यांची पोच फळ्यापर्यंतच असते."

हे शेवटचं वाक्य टकळीला झोंबलं. म्हणून ती आता मोठ्या बाईंसमोर उभी होती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शनिवारी अकरा ते बारा," त्या म्हणाल्या. "एक मिनिट जास्त नाही. कोरे कागद तुमचे तुम्ही आणायचे. आणि मूळ कागद नीट तयार करून आणायचे. ते कसे, ते ऑफिसात विचारा."

ऑफिसात हेडक्लार्क होते. मशीन त्यांच्या ताब्यात होतं. मशीनवर त्यांनी घरून आणलेली फुलाफुलांची चादर घातली होती, आणि दुपारी मशीन बंद केल्यावर ते त्याच्यावर हात ठेवून पाहत, जास्त तापलं तर नाही ना.

"पिना नकोत," ते म्हणाले. "टाचण्या नकोत. घडी नको. सुरकुती नको. डिंक ओला नको, चिकटवलेलं सुटं नको. सगळे कागद एका मापाचे. लिहिलेलं एकाच बाजूला. हे मशीन वरून कागद एकामागून एक आपल्या हातानं ओढून घेतं, पोरी. मध्ये थांब म्हटलं तर थांबत नाही. एक पिन आत गेली की आतल्या काचेवर चरा. मग दुरुस्तीवाल्याला फोन. तो येतो दीड महिन्यानं, आणि येतो तेव्हा वेगळ्या मशीनचा भाग घेऊन येतो. मागच्या वर्षी गणिताच्या बाईंच्या केसांतला आकडा गेला होता. तीन परीक्षा मी कार्बन लावून हातानं लिहिल्यात."

टकळीनं हस्तलिखिताकडे पाहिलं. छत्तीस पानं होती. पैकी काही वहीची, काही चित्रकलेची, एक आलेखाचा कागद, एक चार घड्यांचा शाळेचा नकाशा. आणि स्टेपलरच्या पिना. या वर्गाला पिनांचं वेड होतं. चित्र डिंकानं चिकटवलं तरी वर चार पिना मारायच्या, कारण डिंकाचा काय भरवसा. एका मुलीनं आपल्या कवितेला अकरा पिना मारल्या होत्या, कविता चोरीला जाऊ नये म्हणून. कविता वाचल्यावर अकराव्या पिनेची गरज नव्हती असं टकळीचं मत झालं होतं, पण संपादकाला सगळं बोलता येत नाही.

ती संध्याकाळी घरी आली आणि जेवायच्या टेबलावर गठ्ठा ठेवून म्हणाली, "परवा शनिवारपर्यंत हे सगळं मशीनजोगं करायचंय."

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बाबा गेली तेवीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख विभागात होते. घरात दिवा गेला, नळ गळला, कुकर बिघडला की बाबा शांतपणे पेपर वाचत. हे त्यांचं क्षेत्र नव्हतं. पण हा कागद होता.

"कागदाचं काम आहे ना?" ते म्हणाले. "मग तू निर्धास्त राहा."

"अहो, तुम्ही कधी झेरॉक्स काढलीय का?" आईनं विचारलं. आई शिवणकाम करायची. समोरच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि अर्ध्या गल्लीचे कपडे.

"काढली नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "काढून घेतलीय. तेवीस वर्षं."

पिना काढायची सुरुवात बाबांनी नखानं केली. तिसऱ्या पिनेला नख गेलं, पाचव्या पिनेला शब्द गेला असता, पण टकळी समोर होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. काका कोर्टात कारकून होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत कुणी त्यांना कागदाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. टेबलावरचा गठ्ठा पाहून त्यांचे डोळे भरून येतात की काय असं वाटलं.

"नखानं काय काढताय? पिना उपटायचा चिमटा आहे माझ्याकडे. देतो. पण चिमटा आहे तिथे मी. तो मी एकटा सोडत नाही."

म्हणून चिमट्याबरोबर काकाही आले, खुर्ची ओढून बसले आणि प्रत्येक पिनेमागे एक खटला सांगू लागले. काढलेली प्रत्येक पिन बशीत. मध्येच समोरच्या काकू डोकावल्या. "कागद एकमेकांना चिकटतात हो," त्या म्हणाल्या. "थोडी पावडर टाका मधे. मी पत्त्यांना टाकते. असे सुळकन सुटतात." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी घरून डबा आणून छत्तीसही पानांवर भुरभुरवला. घरभर गुलाबाचा वास सुटला. काका शिंकले. बशीतल्या पिना उडाल्या.

त्या गोळा केल्यावर काकांनी विचारलं, "मोजल्या होत्या का?"

कुणी मोजल्या नव्हत्या.

"असं कसं. एका पिनेची दोन भोकं. भोकं मोजा, निम्मी करा, तेवढ्या पिना बशीत पाहिजेत. नाहीतर उरलेली पिन कुठे आहे? कागदात आहे. उद्या ती मशीनमध्ये आहे."

यात चूक काढता येत नव्हती, हेच वाईट. चौघांनी कागद दिव्यासमोर धरून भोकं मोजली. दोनशे चौदा भरली. निम्मे एकशे सात. बशीत पिना निघाल्या एकशे सहा.

पुढचा तासभर त्या घरात जे झालं त्याला घरझडती म्हणायला हरकत नाही. आईनं शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक आणलं. जमिनीवर सांडलेल्या सुया ती त्यानं उचलायची. छत्तीस पानांवरून चुंबक फिरवलं. बाबांच्या पायजम्यावरून फिरवलं. काकांनी आपल्या स्वेटरवरून फिरवू दिलं नाही, कारण संशय घेतला जातोय असं त्यांना वाटलं. मग त्यांची समजूत काढावी लागली, चहा करावा लागला. टकळी पलंगाखाली गेली आणि तिथे तिला तिसरीत हरवलेला रंगखडू सापडला. पिन नाही. शेवटी आई चुंबक डब्यात ठेवायला गेली आणि तिनं ते उलटं केलं. पिन चुंबकाच्या पाठीला चिकटून बसली होती. पहिल्याच पानापासून ती शोधाबरोबर फिरत होती.

"माझ्या नोकरीत असा साक्षीदार एकदाच पाहिला," काका म्हणाले. "तो रोज कोर्टात पहिल्या रांगेत बसायचा."

शुक्रवारी सुरकुत्यांचं काम आईनं घेतलं. आईच्या मते जगात दोनच गोष्टी असतात, इस्त्री केलेल्या आणि करायच्या. तिनं कागदावर पातळ कापड टाकून मंद इस्त्री फिरवली आणि खरं सांगायचं तर कागद वाण्याच्या कोऱ्या करकरीत वहीसारखे निघाले. नकाशाच्या चारही घड्या गेल्या. फक्त एका पानावर मेणाच्या खडूनं काढलेला सूर्य होता. तो कागदावरून मावळला आणि इस्त्रीच्या कापडावर उगवला. बाबांनी कंपास घेऊन नवा सूर्य काढला. तो इतका नेमका गोल होता की सगळ्या चित्रात तोच एक सरकारी नोकर वाटत होता.

मग सगळे कागद एका मापाचे कापायचे होते. टकळी दुकानातून धारेचं पातं घेऊन परत आली तोवर आईनं काम संपवलंही होतं. कडा सरळ, कोपरे काटकोनात, लिखाण कुठे कापलेलं नाही. आणि छत्तीसही कागदांना चारी बाजूंनी रंगीत डोक्याच्या टाचण्या लावलेल्या.

"आई, हे काय?"

"टाचण्या न लावता कापायचं कसं? सरकतं ना."

"आई, टाचण्या नकोत एवढीच तर अट आहे."

आईनं कागदाकडे पाहिलं, टाचण्यांकडे पाहिलं. "हात गेला गं," ती म्हणाली. तीस वर्षं झाली होती हाताला. वरच्या काकांना परत बोलावलं. त्यांनी टाचण्या मोजून घेतल्या, या वेळी आधी.

टाचण्या काढता काढता आई शेवटच्या कागदावर थांबली. शिडीचं अर्धं पान होतं ते. आई सहसा वाचत नाही, तिला वेळ नसतो. तिनं ते उभ्यानं वाचलं.

'माझी बाही दर महिन्याला माझ्यापासून थोडी लांब जाते. आई म्हणते, बाही आहे तिथेच आहे, तूच निघालीस. मी कुठे निघाले ते मला माहीत नाही. पण हात थंड पडतो.'

पुढे आणखी सातआठ ओळी होत्या. आईनं कागद खाली ठेवला आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

"या मुलीला गणवेश घेऊन पाठव," ती म्हणाली. "शिवणीत कापड दाबलेलं असतं, दोन बोटं सहज सुटेल. आणि हे शेवटी का गं लावलंय?"

"शेवटी आलं म्हणून."

"हं," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी टकळी उठली तेव्हा बाबा अंघोळ करून, कामाला निघाल्यासारखा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. समोर तपकिरी कागदात बांधलेलं पाकीट, वर सुबक अक्षरात विषय, दिनांक, पृष्ठसंख्या.

"सगळं लावून दिलंय," ते म्हणाले. "पानांवर नंबर नव्हते. बिननंबरी कागद म्हणजे मोकाट जनावर. आता उघडू नकोस, पुन्हा सुरकुत्या पडतील. थेट मशीनवर."

त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की टकळीनं उघडलं नाही. हे तिनं पुढे अनेकांना सांगितलं, की प्रेमापोटी माणूस पाकीट उघडत नाही.

अकरा वाजता वर्ग ऑफिसच्या दारात होता. प्रत्येकीनं छत्तीस कोरे कागद आणले होते, आपापल्या प्रतीपुरते. वर एकही नाही. हेडक्लार्कनी मशीनवरची चादर काढली, घडी घातली, पाकीट उघडलं आणि कागद बोटांखालून सोडत पाहिले. एक पिन नाही. एक घडी नाही. त्यांनी गठ्ठा कानाजवळ नेऊन फुरफुरवला.

"हे काम कुणाचं?"

"माझ्या बाबांचं," टकळी म्हणाली. "आणि आईचं. आणि वरच्या काकांचं."

"याला म्हणतात कागद," हेडक्लार्क म्हणाले, एकदा शिंकले आणि बटण दाबलं.

मशीननं छत्तीस पानं गटागट ओढली आणि प्रती बाहेर पडू लागल्या, एक, दोन, तीन, गरम, गुलाबाच्या वासाच्या. पंधरावी प्रत पडली तेव्हा टकळीनं पहिली हातात घेतली. तिचं संपादकीय वाचायचं होतं, छापील झाल्यावर कसं दिसतं ते.

पहिल्या पानावर संपादकीय नव्हतं. शिडीची बाही होती. वर कोपऱ्यात बाबांचं अक्षर: 'पृष्ठ ३६ पैकी १. तपासले.' आणि खाली सही. पुढचं पान शेवटच्या बाकाचं, त्याच्या पुढचंही. संपादकीय होतं छत्तिसाव्या पानावर. तेही तपासलेलं.

टकळीच्या लक्षात आलं. बाबांच्या कचेरीत शेवटी आलेला कागद सगळ्यात वर लागतो. साहेबांनी फाइल उघडली की ताजा कागद आधी दिसला पाहिजे. बाबांनी पानांवरच्या तारखा पाहिल्या होत्या आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं हस्तलिखित लावून दिलं होतं, एकही चूक न करता.

"उलटं झालंय," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "सगळं उलटं. माझा लेख चौतिसावा कसा?"

"आणि ही सही कुणाची?" दुसरी म्हणाली. "माझ्या कवितेखाली कुणाचीतरी सही आहे. लोकांना वाटेल ती त्यांनीच लिहिलीय."

"मशीन आता मध्ये थांबायचं नाही, आणि जादा कागदही नाहीत," हेडक्लार्क घड्याळाकडे पाहत म्हणाले. "नव्यानं काढता येणार नाही. पण त्यात काय, प्रत पडेल तशी एकेकीनं घ्या आणि हातानं उलटी लावा. पाच मिनिटांचं काम. नंबर उलटे राहतील तेवढे."

ज्यांच्या हातात प्रती आल्या होत्या त्या मुली लगेच खाली बसल्या. टकळीही बसली. ते संपादकीय तिनं चार वेळा लिहिलं होतं, त्यातलं एक वाक्य तर तिला झोपेतही पाठ होतं, आणि ते आता सगळ्यात शेवटी गेलं होतं. तिनं शेवटचं पान ओढून वर ठेवलं. मग दुसरं.

समोर शिडी उभी होती. ती बसली नव्हती. प्रत तिच्या हातात होती, पहिलंच पान वर. ती वाचत नव्हती, आपण काय लिहिलंय ते तिला माहीतच होतं. ती कोपऱ्यातल्या एक या आकड्याकडे पाहत होती. तिच्या गणवेशाची बाही मनगटाच्या चार बोटं वर संपली होती.

टकळीनं वर ठेवलेली दोन पानं परत खाली घातली.

"राहू द्या असंच," ती म्हणाली.

"काय राहू द्या?"

"नंबर पडलेत, तपासलंय, सही झालीय. सही झालेला कागद हलवता येत नाही. हवं तर आमच्या वरच्या काकांना विचारा, ते कोर्टात होते."

पहिल्या बाकानं दहा मिनिटं वाद घातला. टकळी अकरा मिनिटं बोलली. दीड वर्षाचा सराव इथे कामी आला. बाराला दोन मिनिटं कमी असताना चाळिसावी प्रत पडली, मशीनवर परत चादर पडली, आणि तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी एक प्रत उचलली, पहिलं पान उघडलं आणि उभ्यानं वाचलं. मग पहिल्या पानावरून नजर काढून त्यांनी सगळ्या मुलींवरून फिरवली, बाह्या शोधत असल्यासारखी, आणि एका ठिकाणी थांबवली.

"मूळ प्रत कपाटात ठेवा," त्या हेडक्लार्कना म्हणाल्या, आणि खिशातून किल्ली काढून दिली. तिन्ही मतं चुकीची निघाली. "ही मी घरी नेते आहे. हिच्या बदली ऑफिसच्या कागदावर आणखी एक काढून द्या."

जाताना शिडीनं टकळीला कोपरानं ढोसलं, बरगडीत, जरा जोरात. शेवटच्या बाकावर याहून मोठा सत्कार नसतो.

दुपारी टकळी घरी आली तेव्हा तिच्या एका हातात प्रत होती आणि दुसऱ्या हातात वाटेत शिडीच्या घरून घेतलेली पिशवी. आई मशीनवर होती, बाबा टेबलाशी. दोघांनीही आपण तिची वाट पाहत नव्हतो असं दाखवलं.

"झालं?" बाबा म्हणाले. "क्रम बरोबर आला ना?"

टकळीनं त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगायला बरंच होतं, आणि सांगायची तिला हौसही होती. "एकदम बरोबर, बाबा," ती म्हणाली. "तुमची सही चाळीस जणींच्या घरी गेली."

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. आईनं प्रत उचलली, पहिलं पान पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि हसली. मग तिनं पिशवीत डोकावून गणवेश बाहेर काढला, बाहीची शिवण उलटून बोटानं मापली. "अडीच बोटं निघेल," ती म्हणाली.

"आई, बाबा, मला एक सांगायचंय," टकळी म्हणाली.

"बोल की. तुला कुणी अडवलंय?" आई म्हणाली.

"महत्त्वाचं असेल तर लेखी दे," बाबा म्हणाले.

टकळीनं दप्तरातून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. घडी नाही, सुरकुती नाही, पिन नाही. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पृष्ठ १ पैकी १.' बाबांनी तो आधी उजेडासमोर धरून भोकं आहेत का पाहिलं, तेवढ्यात तिनं तोंडीही सांगून टाकलं.

"सोमवारपासून मी शेवटच्या बाकावर बसणार आहे."